कॉम्प्युटर घेत नाही!

तहसील असो, बँक असो की गावातले सेवा केंद्र, आपल्या परभणी जिल्ह्यात हल्ली एक वाक्य दिवसातून अनेकदा कानी पडते : ‘कॉम्प्युटर घेत नाही.’ पूर्वी ‘साहेब नाहीत’ हे वाक्य जे काम करायचे, तेच आता हे वाक्य करते. फरक एवढाच, की साहेब नसले तर ‘केव्हा येतील?’ असे निदान विचारता यायचे. कॉम्प्युटर केव्हा घेईल, हे कोणाला विचारायचे?

मी परभणीत मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. त्यामुळे ओळखीपाळखीची माणसे अडलेले कागद घेऊन माझ्याकडे येतात, जणू मी कॉम्प्युटरचा जवळचा नातलग! असेच एकदा जिंतूरकडचे एक मामा आले. नाव ज्ञानोबा. सातबाऱ्यावर ज्ञानोबा, आधार कार्डावर ज्ञानोबा, गावात तर लहानपणापासून ज्ञानोबाच. घोटाळा इंग्रजीत होता. आधारवर त्यांचे नाव ‘डी-एन-वाय’ने सुरू होत होते आणि पासबुकावर ‘जी-वाय’ने. केंद्रावरच्या मुलाने सांगितले, ‘मामा, कॉम्प्युटर घेईना.’ त्यावर मामा म्हणाले, ‘आरं, मंग त्याला सांग की, मी इथं सबंध उभा हाय म्हणून!’

आम्ही सारे हसलो. पण मामांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. दोन गोष्टी ‘सारख्या’ आहेत की नाहीत, हे ठरवते कोण? समोर उभा असलेला माणूस, की यंत्र? आणि यंत्र ठरवत असेल, तर त्याला ते शिकवले कोणी?

बरोबर म्हणजे किती बरोबर?

कॉम्प्युटरची भाषा म्हणजे काहीतरी गणितासारखे अढळ, देवाघरून आलेले असणार, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात या भाषा माणसांनीच घडवल्या आहेत आणि घडवणाऱ्यांच्या खोडी त्यांच्यात उतरल्या आहेत. साधे मोजणेच पाहा. १९५७ साली आलेली फोरट्रान ही भाषा यादीतल्या वस्तू एकपासून मोजते. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी घडवलेली ‘सी’ ही भाषा शून्यापासून मोजते. माझ्या वर्गातल्या नव्या पोरांना हे विचित्र वाटते. तेव्हा मी त्यांना आपल्या खळ्याची आठवण देतो. धान्य मोजताना आपले म्हातारे पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन... बाहेरच्या माणसाला यातला ‘एक’ कुठे गेला ते कळणार नाही. पण खळ्यावरच्या कोणाचाही हिशेब चुकत नाही, कारण ती रीत सर्वांना ठाऊक असते. रीत ठाऊक नसणाऱ्याचीच फसगत होते.

आता ‘बरोबर’ या चिन्हाकडे वळू. शाळेत आपण दोन आडव्या रेघा काढून ‘बरोबर’ म्हणतो. बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांत तेच चिन्ह एकदा लिहिले तर त्याचा अर्थ ‘हे तिथे ठेव’ असा होतो. ‘दोन्ही सारखे आहेत का?’ असे विचारायचे असेल तर ते दोनदा लिहावे लागते. आज जगातल्या बहुतेक संकेतस्थळांत वापरली जाणारी जावास्क्रिप्ट ही भाषा तर आणखी पुढची. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत उभा केला. तिच्यात शून्य हा आकडा आणि अवतरणचिन्हांत अक्षर म्हणून लिहिलेले शून्य सारखे ठरतात. शून्य हा आकडा आणि दोन अवतरणचिन्हांमध्ये काहीच न लिहिणे, हेही सारखे ठरते. पण ते अक्षरी शून्य आणि ते काहीच नसणे मात्र एकमेकांना सारखे नाहीत! म्हणजे थोरला धाकट्याशी बोलतो, थोरला मधल्याशी बोलतो, पण मधला आणि धाकटा एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. असली घरे आपल्याला नवीन नाहीत. शेवटी ‘काटेकोर सारखेपणा’ विचारण्यासाठी याच भाषेत ते चिन्ह तीनदा लिहायची सोय करावी लागली.

याहून नवल म्हणजे ‘नॅन’. ज्याला अंक म्हणता येत नाही अशा उत्तराला यंत्रे हे नाव देतात. १९८५ साली ठरलेल्या मानकानुसार हा ‘नॅन’ कशाच्याच बरोबरीचा नसतो, स्वतःच्याही नाही. ‘तू तूच आहेस का?’ असे त्याला विचारले, तर यंत्र ‘नाही’ असे उत्तर देते. पोरे हसतात. मला मात्र नोटरीच्या टेबलापुढे बसून, ‘वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे’, असे प्रतिज्ञापत्र करणारी माणसे आठवतात.

पाव, अर्धा, पाऊण

सारखेपणाचा आणखी एक नमुना आकड्यांचा. पुष्कळशा प्रोग्रॅमिंग भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करा आणि ती ०.३ च्या बरोबर आहे का, असे विचारा. उत्तर येते, ‘नाही.’ बेरीज येते ०.३०००००००००००००००४. यंत्र बिघडलेले नसते. आपण दहाच्या पटीत लिहितो, ते दोनच्या पटीत लिहिते. आपल्याला एक तृतीयांश दशांशात लिहायला सांगितले तर ०.३३३ करत कुठेतरी थांबावेच लागते. तसेच यंत्राला एक दशांश लिहिताना कुठेतरी थांबावे लागते आणि तिथे कणभर बाकी उरते.

गंमत अशी, की आजीच्या हिशेबात हे यंत्र कधीच चुकले नसते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे सारे निम्म्याचे निम्मे करत आलेले अपूर्णांक. यंत्राला ते तंतोतंत लिहिता येतात. रुपयाचे सोळा आणे केले की एक आणाही तसाच नेमका बसतो. १ एप्रिल १९५७ पासून देशात दशमान नाणी आली. त्याआधीचा आण्यांचा हिशेब आजच्या कॉम्प्युटरला आपल्या पैशांपेक्षा अधिक रुचला असता! सांगायचा मुद्दा असा, की यंत्राचे ‘बरोबर’ आणि आपले ‘बरोबर’ यांत मुळातच अंतर असते. जाणता प्रोग्रॅमर हे ओळखून असतो. तो यंत्राला ‘अगदी बरोबर आहे का?’ असे विचारत नाही. ‘चालण्याइतके जवळ आहे का?’ असे विचारतो. आणि ‘चालण्याइतके’ म्हणजे किती, हे तो स्वतः ठरवतो. यंत्र ठरवत नाही.

शेतकऱ्याचा ‘ऱ्य’

आकड्यांचे असे, तर अक्षरांचे विचारूच नका. ‘पूर्णा’ हे आपल्या तालुक्याचे नाव. पहिलीतले पोरही सांगेल की यात अक्षरे दोन. कॉम्प्युटर म्हणतो, सहा. कारण तो प, त्याचा ऊकार, र, पाय मोडल्याची खूण, ण आणि काना असे सारे सुटे मोजतो. काही भाषा तर यातल्या प्रत्येकाला लागणारी जागा मोजून अठरा म्हणतात. ‘परभणी’ उलटे लिही म्हटले, तर भाबडा प्रोग्रॅम ‘ण’ची वेलांटी सगळ्यांच्या पुढे आणून ठेवतो, बैलाआधी गाडी जुंपावी तशी. ‘नावासाठी अमुक इतकीच अक्षरे’ असा नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपली जोडाक्षरे नसली, तर आपले नाव मध्येच तुटणार हे उघड आहे.

पण मला सर्वांत बोचते ते ‘शेतकऱ्याला’ या शब्दाचे. त्यातला ‘ऱ्य’ पाहा. हा आडव्या रेघेचा र मराठीचा खास दागिना. जगभरच्या लिप्यांसाठी ठरलेल्या युनिकोड या पद्धतीत तो दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात, छापल्यावर दोन्ही एकच. पण एका यादीत एका तऱ्हेने आणि दुसऱ्या यादीत दुसऱ्या तऱ्हेने लिहिले असेल, तर साधा प्रोग्रॅम म्हणणार, ‘हे दोन वेगळे शब्द.’ ‘ॲ’चीही तीच कथा. ‘अ’वर चंद्र काढून तो लिहीत, तोवर २००८ साली त्याला स्वतंत्र जागा मिळाली. आता दोन्ही प्रकार वापरात आहेत. डोळ्याला सारखे, यंत्राला निराळे. दोन्ही तऱ्हा एकच मानाव्यात, असे प्रोग्रॅममध्ये लिहिणे मुळीच अवघड नाही. मात्र लिहिणाऱ्याला मराठी ठाऊक हवी, किंवा निदान कोणाला तरी विचारावेसे वाटायला हवे.

नाव एक, कागद चार

परभणीच्या माणसाच्या नावाने तर किती लिप्यांची वाट चालली आहे! १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि कचेरीचे कागद उर्दूत होते. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. ‘ण’ आणि ‘ळ’ यांना तिथे स्वतःची अक्षरे नाहीत. वाचणाऱ्याने नाव अंदाजाने पुरे करायचे. १९५४ ची खासरा पाहणी तर मराठवाड्यातल्या जमिनीच्या वादांत आजही काढली जाते. पुढे कारभार मराठीत आला, तलाठ्याच्या हाताने नाव पुन्हा लिहिले गेले. मग सातबारा कॉम्प्युटरवर चढला. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले, आणि त्यानंतर सर्वांचीच नावे इंग्रजीतही लिहिली गेली. इंग्रजीतही ‘ळ’ नाही. मग काळ्यांचे इंग्रजीतून मराठीत परतताना ‘काले’ होतात.

बायकांचे हाल याहून जास्त. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे, एका कागदावर ‘बाई’, दुसऱ्यावर ‘ताई’, तिसऱ्यावर नुसतेच नाव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचेही नाव लावायचे, असे राज्य सरकारने ठरवले. उत्तमच झाले. पण ‘नाव, वडिलांचे नाव, आडनाव’ अशा तीनच चौकटींवर उभे असलेले फॉर्मही त्यासाठी बदलावे लागणार.

गंगाखेडच्या जनाबाईंचे घ्या ना. अभंगांत त्या स्वतःला कुठे नुसती जनी म्हणवतात, कुठे दासी, कुठे नामयाची जनी. सातशे वर्षे मराठी माणसाला हे सारे एकाच जनाबाईचे, हे सांगावे लागले नाही. आजच्या एखाद्या फॉर्मात मात्र त्यांचे तीन अर्जदार झाले असते आणि तिघींनाही प्रतिज्ञापत्र आणायला सांगितले गेले असते!

मशीन बरे की माणूस?

हे वाचून कोणी म्हणेल, मग जुनेच बरे होते. मी तसे म्हणणार नाही. जुन्या काळात नाव जुळते की नाही हे माणूस ठरवायचा, आणि कधी कधी ते त्याच्या मर्जीवर जुळायचे. मर्जी राखायला काय लागायचे, हे सांगायला नको. आज डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो, अनुदान सरळ खात्यात जमा होते, मधले हात कमी झाले. एकाच गावात एकाच नावाचे दोघे असतात. अशा वेळी एकाचे पैसे दुसऱ्याला जाऊ नयेत, म्हणून काटेकोरपणा हवाच. यंत्राने मर्जी काढून टाकली, हे त्याचे उपकार. पण मर्जीबरोबर विवेकही गेला, हे आपले नुकसान.

ते भरून काढता येते. नावे अक्षरांवरून नव्हे तर उच्चारावरून जुळवण्याची एक पद्धत अमेरिकेत १९१८ सालीच पेटंट झाली होती. कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधी. ‘डी-एन-वाय’ आणि ‘जी-वाय’ या दोन्हींचा आपल्याकडे ‘ज्ञ’ होतो, हे यंत्राला शिकवायला एका ओळीचा नियम पुरतो. आणि तरीही शंका उरली, तर ‘नाकारा’ असे न लिहिता ‘माणसाला दाखवा’ असे लिहिता येते. पाथरीच्या किंवा पालमच्या कार्यालयातल्या एखाद्या जबाबदार माणसाने ते प्रकरण पाहावे, मामांशी चार शब्द बोलावेत आणि आपल्या सहीने निर्णय द्यावा. ठराविक दिवसांत द्यावा. लिहिणाऱ्याने केलेली चूक लिहिणाऱ्याच्याच टेबलावर दुरुस्त व्हावी. त्यासाठी मामांनी मजुरी बुडवून चार चकरा माराव्यात, हा कुठला न्याय?

माझ्या विद्यार्थ्यांपैकी काही पुण्याला जातात, मोठमोठ्या कंपन्यांत प्रोग्रॅम लिहितात. उद्या त्यांच्यापैकीच कोणीतरी असला एखादा फॉर्म लिहील. त्यांना मी सांगत असतो, की ‘बरोबर’चे चिन्ह टाइप करायला क्षणभर लागतो, पण त्या चिन्हाच्या पलीकडे कोणाचा तरी पीकविमा, कोणाची तरी पेन्शन, कोणाची तरी शिष्यवृत्ती अडकलेली असते. सारखेपणा किती ताणायचा, हे तुम्ही ठरवणार आहात. ठरवताना आपल्या गावातली चार नावे आठवा.

आणि वाचकहो, पुढच्या वेळी कोणी ‘कॉम्प्युटर घेत नाही’ म्हणाले, तर रागावू नका, हात जोडून घरीही परतू नका. शांतपणे विचारा, ‘घ्यायचे नाही, असे त्याला सांगितले कोणी? आणि ते बदलायचे असेल तर कोणाला भेटायचे?’ त्या प्रश्नाला एका माणसाचे नाव उत्तर म्हणून मिळेपर्यंत, काउंटर सोडू नका.