घटपर्णी विकत घेण्यापूर्वी

वैशाखात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या झाशीत ज्या वनस्पतिप्रेमी गृहस्थास कीटकभक्षी रोप जोपासण्याची हौस उत्पन्न होईल, त्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे की, मेघालयाच्या दमट डोंगरांत स्वाभाविकपणे वाढणारी घटपर्णी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये संरक्षित असून, परवानाधारक विक्रेत्याखेरीज अन्य कोणाकडूनही ती खरीदण्यास सक्त मनाई आहे. विक्रेत्यास रोपाचे मूळ निःसंकोच विचारावे: बियांपासून वा ऊतीसंवर्धनाने सिद्ध झालेली रोपे बहुधा एकसारखी व कोवळी असतात, उलट जुने फाटके घट, तुटकी मुळे आणि कुंडीतले रानगवत पाहताच माघारी फिरावे. कीटकभक्षीच असलेला अमेरिकेतील व्हीनस फ्लायट्रॅप प्रयोगशाळेत विपुल निपजत असताही रानातून उपटला जातो, ही गोष्ट मला विशेष क्लेशदायक वाटते. तेथील उत्तर कॅरोलायना राज्याने २०१४ पासून ती चोरी गंभीर गुन्हा ठरविली आहे.