कचेरीची माहिती आणि खाजगी साठवण

प्रवरेच्या परिसरांत, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें 1950 सालीं सहकारी साखर कारखाना सुरू झाला. अशा संस्थांच्या सभासदांचीं नांवें, जमिनी व देणीं पूर्वीं चोपड्यांत असत आणि चोपड्या कपाटांत कुलूपबंद राहत. आतां ही माहिती संगणकांत असते, आणि ती बाहेर जाण्यास चोरच लागतो असें नाहीं.

एखादा कारकून सोयीसाठीं खातेयादीचें छायाचित्र स्वतःच्या मोबाइलवर घेतो. त्यांत आपोआप प्रत साठविण्याची योजना चालू असल्यास तें चित्र त्याच्या खाजगी 'क्लाउड'मध्यें, म्हणजे दूरच्या एखाद्या कंपनीच्या संगणकांत, जाऊन बसतें. मोबाइलमधून पुसलें तरी तेथील प्रत उरूं शकते. नोकरी सुटली तरी ती त्याच्यापाशींच राहते.

यास्तव कामाचें व घरचें खातें निराळें असावें, आणि कामाच्या यंत्रावर खाजगी साठवण बंद ठेवावी. मात्र घरून काम करावयाचें असेल, तर सुरक्षित जागा संस्थेनेंच पुरवावी. सोय नसली कीं माणूस आडवाट धरतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यांत माहितीची योग्य राखण न करणाऱ्या संस्थेस 250 कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु दंड भरल्यानें सभासदाची बाहेर गेलेली माहिती परत येत नाहीं.