एका पोळीतले ७५० दाणे

बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातल्या कुठल्याही घरात तव्यावर पडणारी साधी पोळी घ्या. तीस ग्रॅम पीठ. गव्हाचा दाणा सरासरी ४० मिलिग्रॅमचा, म्हणजे त्या पोळीत ७५० दाणे. ओंबीला चाळीसेक दाणे धरले, तर एकोणीस ओंब्यांची एक पोळी.

आता गावाबाहेरच्या काळ्या जमिनीत चला. पाण्याच्या पाळ्या वेळेवर मिळाल्या आणि एकरी १६ क्विंटल उतारा पडला, तर एका एकरात ४ कोटी दाणे होतात. फुलोऱ्यापासून ते भरायला हाताशी असतात सुमारे ३५ दिवस. भागाकार करून बघा: दिवसाला सुमारे ४६ किलो, सेकंदाला अर्धा ग्रॅम. तुम्ही ‘ओंबी’ म्हणेपर्यंत तेरा दाण्यांइतका ऐवज पानाखोडांतून वर चढलेला असतो. गहू निवडताना दाण्याच्या पोटावर जी चीर दिसते, तिच्या तळाशी अन्नरसाची एकच नस लांबीभर गेलेली असते. प्रत्येक दाण्याची सगळी भरती या एका वाटेने होते.

मला सर्वांत थक्क करतो तो नत्राचा हिशेब. दाण्यात नत्र साधारण २ टक्के, म्हणजे एकरी ३२ किलो. त्यातलं तीन चतुर्थांशाच्या आसपास, जवळजवळ २४ किलो, फुलोऱ्याआधीच मुळांनी उचलून पानाखोडांत ठेवलेलं असतं. दाणा चिकावर आला की झाड पानांतली प्रथिनं मोडायला घेतं. हवेतला कार्बन पकडणारं रुबिस्को, ज्याच्या जिवावर ते आजवर अन्न करत आलं, तेसुद्धा अमिनो आम्लांत सुटं करून ओंबीकडे पाठवतं. चिकातून हुरड्यात जाणारं शेत खालून पिवळं पडत जातं ते यामुळे. कॅल्शियम मात्र या नसेतून फारसं वाहत नाही. ते पानांत अडकतं आणि भुशाबरोबर गुरांच्या दावणीत जातं.

जस्त तर किलोभर गव्हात सुमारे ३० मिलिग्रॅम. अख्ख्या एकराच्या धान्यात ४८ ग्रॅम, आपल्या मुठीत मावेल एवढं. एका दाण्याच्या वाट्याला १.२ मायक्रोग्रॅम येतं. पण तेवढ्यातले अणू जगातल्या ८०० कोटी माणसांत वाटले, तर प्रत्येकाला तेरा-चौदा लाख मिळतील! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ‘एमएसीएस ४०२८’ या बन्सी गव्हात हे जस्त किलोला ४०.३ मिलिग्रॅमपर्यंत नेलं, लोह ४६.१ पर्यंत. २०१८ साली आलेला हा वाण मला फार मोलाचा वाटतो, कारण इथे नुसत्या खतावर भिस्त नाही; दाण्यात किती जस्त-लोह घ्यायचं, ते झाडाच्या वंशातच बदललं आहे.

फेब्रुवारी सरता सरता तापीच्या खोऱ्यात ऊन चढतं. दाणा भरताना तापमान एका अंशाने वाढलं, तर भरण्याचा काळ साधारण तीन दिवसांनी आखडतो. भरण्याचा वेग थोडा वाढतो, पण तूट पुरती निघत नाही. सरासरी कमाल तापमानात मार्च २०२२ हा देशातला १९०१ पासूनचा तोवरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेकडे दाणे पोचट राहिले आणि १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. उन्हाने दाणा ३० मिलिग्रॅमवरच थांबला, तर त्याच पोळीला १००० दाणे लागतात.