दहा फुटांची रेघ

सात वाजायला पाच मिनिटं कमी आहेत. माझ्यासमोर एक माणूस गुडघ्यावर बसून डांबरावर खडूनं रेघ ओढतो आहे. अग्निशमन केंद्राच्या दारापासून त्यानं टेपनं मोजून घेतलंय, बरोबर दहा फूट. पेनसिल्व्हेनियाचा कायदाच तसा आहे: मतदान केंद्रापासून दहा फुटांच्या आत प्रचारकानं पाऊल टाकायचं नाही. कोल्हापूरला शंभर मीटरवर फक्कीची रेघ पाहत मोठी झालेली मी. मला ही रेघ उंबऱ्यावरच्या रांगोळीसारखी वाटते. दोन ढांगा टाकल्या की माणूस दारात.

आज मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५. गाव नॉर्थॅम्प्टन काउंटीतलं. इथून थोड्या अंतरावर नाझरेथ, जिथे मार्टिन कंपनीच्या गिटारी बनतात. त्याच्या पलीकडे बेथलेहेम, जिथे पोलादाच्या भट्ट्या होत्या. या काउंटीचा एक लौकिक आहे. ओबामा दोनदा, मग ट्रम्प, मग बायडन, मग पुन्हा ट्रम्प: २००८पासून देश जिकडे झुकला तिकडे ही काउंटी झुकली. निवडणूक जवळ आली की टीव्हीवाले इथल्या खानावळींमधून कॅमेरे घेऊन फिरतात. आज मात्र एकही कॅमेरा नाही. आज न्यायाधीशांची आणि काउंटीच्या पदांची निवडणूक आहे.

माझं टेबल रेघेला लागून आहे. इथलं अग्निशमन दल स्वयंसेवकांचं. नव्या होजपाइपासाठी निवडणुकीच्या दिवशी घेवड्याचं सूप आणि घरी भाजलेले केक विकायचे, ही जुनी रीत. मी शूफ्लाय पाय विकायला बसले आहे. नाव कितीही चमत्कारिक असलं तरी आत काकवी असते, आणि काकवीचा वास मला गुऱ्हाळावर नेऊन सोडतो.

माझ्या डावीकडे निळी घडीची खुर्ची, उजवीकडे लाल. निळ्या खुर्चीवर डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यकर्त्या, चौथीच्या निवृत्त शिक्षिका. मी मनात त्यांना बाई म्हणते. लाल खुर्चीवर रिपब्लिकन पक्षाचे काका. बेथलेहेमच्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढलेले, तळहात अजून फळीसारखे. बाईंनी त्यांच्या मुलाला भागाकार शिकवलाय. त्यामुळे काका त्यांच्याशी बोलताना टोपी काढत नाहीत, पण मागे सरकवतात.

दोघांचं आजचं काम एकेका शब्दाचं आहे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले तीन न्यायाधीश आणखी दहा वर्षं राहावेत का, यावर हो किंवा नाही म्हणायचंय. तिघं २०१५मध्ये डेमोक्रॅट म्हणून निवडून आलेले. म्हणून बाई येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात पत्रक ठेवत म्हणतात, "तिन्हींना हो." काका म्हणतात, "तिन्हींना नाही." गर्दी वाढली की हो-नाही-हो-नाही असा ताल धरला जातो आणि माझ्याकडे सूप घेणाऱ्या पोराला हसू आवरत नाही.

साडेआठच्या सुमाराला फोन वाजू लागतात. बाई चष्मा नाकावर ओढून वाचतात. "डिक चेनी गेले." बुशच्या काळातले उपाध्यक्ष.

काका थर्मासचं झाकण फिरवायचे थांबतात. "२००३मध्ये मी ईस्टनच्या चौकात पाटी घेऊन उभा होतो. इराकच्या युद्धाविरुद्ध. माझा भाचा गेला होता तिकडे."

"आणि मी त्या माणसाच्या जोडीला दोनदा मत दिलं," बाई म्हणतात. "तुमच्यासारखे पाटीवाले दिसले की गाडीची काच वर करायचे."

मला क्षणभर कळत नाही, कोण कुठल्या पक्षाचं बोलतंय. मग उलगडतं. २०१६पर्यंत काका डेमोक्रॅट होते, युनियनचे. बाई रिपब्लिकन होत्या, दूधदुभत्याच्या शेतावर वाढलेल्या. वीस वर्षांपूर्वीही हे दोघं समोरासमोरच होते; मधल्या काळात खुर्च्यांची अदलाबदल झाली, एवढंच. आणि चेनींनी तर गेल्या वर्षी कमला हॅरिसना मत देणार म्हणून जाहीर केलं होतं.

"शेवटी आला ना तुमच्याकडे," काका म्हणतात.

"एका मतापुरता."

"ठेवून घ्या. परत नको."

दोघंही हसत नाहीत. काका झाकण घट्ट करतात.

माझ्या टेबलाच्या पायाशी प्लॅस्टिकची एक पेटी आहे, अन्नपेढीसाठी. मतदार येताना डबाबंद घेवडा, शेंगदाण्याचं लोणी, मकरोनी आणून टाकताहेत. खर्चाला मंजुरी नसल्यानं केंद्र सरकार बंद पडल्याला आज पस्तिसावा दिवस. पहिल्या ट्रम्प सरकारच्या काळात, २०१८-१९मध्ये, विक्रम झाला तोही पस्तीस दिवसांचाच. आजची रात्र सरली की नवा विक्रम. गरिबांच्या अन्नधान्य कार्डांवर या महिन्याचे पैसे थांबलेत. देशात चार कोटी वीस लाख माणसं त्या कार्डांवर आहेत, म्हणजे दर आठांत एक. वर पेनसिल्व्हेनिया राज्याचं स्वतःचं अंदाजपत्रकही चार महिने रखडलंय. ३० जूनला मंजूर व्हायला हवं होतं.

काका पेटीकडे बोट दाखवतात. "हे बघा. हे गावाचं काम आहे, आणि गाव करतंय. वॉशिंग्टनची वाट कशाला पाहायची?"

"या पेटीत चार कोटी वीस लाख माणसं मावत नाहीत," बाई म्हणतात.

"मग सरकार उघडा. सेनेटमध्ये साठ मतं लागतात, आमची त्रेपन्न आहेत. तुमच्या लोकांनी हात वर केले की आज संध्याकाळी कार्डं सुरू."

बाई पर्समधून एक पत्र काढतात. राज्याच्या विमा बाजाराचं, त्याला इथे 'पेनी' म्हणतात. त्यांची लेक स्वतःचं छोटं दुकान चालवते. नोकरी नाही म्हणून मालकाकडून विमा नाही. केंद्राची वाढीव सवलत ३१ डिसेंबरला संपते, आणि पुढच्या वर्षीचा हप्ता जवळजवळ दुप्पट दिसतोय. पत्राच्या घडीवर कागद पांढरा पडलाय, इतक्यांदा उघडलंय ते.

काका पत्र हातात घेतात. लांब धरून वाचतात. परत देतात. मला वाटतं, आता विषय बदलतील. नाही बदलत.

"ही सवलत कोविडची होती. २०२१मध्ये तुमच्या पक्षानं दिली, २०२५ची मुदतही तुमच्याच पक्षानं घातली. पैसे शेवटी जातात विमा कंपन्यांकडे. आता मुदत संपतेय म्हणून अख्खं सरकार अडवून धरायचं?" आवाज थोडा चढतो. "२००३मध्ये आमची स्टील कंपनी बुडाली तेव्हा निवृत्तांचा आणि त्यांच्या घरच्यांचा मिळून पंचाण्णव हजार माणसांचा आरोग्यविमा गेला. मी एक्कावन्न वर्षांचा होतो. बायकोचे उपचार चालू होते. तेव्हा कुठल्या पक्षानं आमच्यासाठी सरकार बंद पाडलं?"

बाई पत्राची घडी घालतात. घालून झाल्यावर म्हणतात, "कुणीच नाही. माझ्या तेव्हाच्या पक्षानं नाही, तुमच्या तेव्हाच्या पक्षानंही नाही. पाडायला हवं होतं."

काका उत्तर देत नाहीत. एक म्हातारं जोडपं येतं. दोघंही उठून उभे राहतात. "तिन्हींना हो." "तिन्हींना नाही." जोडपं दोन्ही पत्रकं घेतं आणि आत जातं.

मी गेली कित्येक वर्षं या विषयांवर बोलणं टाळत आलेय. मंडळाच्या गणपतीत आरती झाली की कुणीतरी ट्रम्प म्हणतं, कुणीतरी एच-वन-बी व्हिसाचं काढतं, आणि यजमानीणबाई घाईनं मसालेभाताचं पातेलं पुढे करतात. घरातलं वातावरण नासू नये म्हणून. इथे या दोघांच्या मध्ये बसून सकाळपासून माझ्या पोटात गोळा आहे. आता फिसकटणार, आता कुणीतरी खुर्ची उचलून लांब जाणार. पण लांब जाणार कुठे? ज्याला मतदाराला गाठायचंय त्याला याच रेघेवर उभं राहावं लागतं, रात्री आठपर्यंत. भांडण अर्धवट सोडून घरी जाता येत नाही, आणि अर्ध्या तासानं त्याच माणसाला "जरा माझ्या पत्रकांवर लक्ष ठेवा, मी जाऊन येते," असंही म्हणावं लागतं.

दुपारी गर्दी ओसरते आणि वाद माझ्यावर येतो. आज या केंद्रावर माझं पहिलंच मतदान. नियमाप्रमाणे पहिल्यांदा येणाऱ्याला ओळखपत्र दाखवावं लागतं, म्हणून मी ड्रायव्हिंग लायसन्स बाहेर काढून ठेवलंय. पुढच्या वेळपासून नुसती सही पुरेल. काकांना ते लायसन्स दिसतं.

"तूच सांग. तुमच्या भारतात ओळखपत्राशिवाय मत देता येतं?"

"नाही देता येत."

"ऐका बाई! नव्वद कोटींहून जास्त मतदार, आणि सगळ्यांना ओळखपत्र."

"थांबा," बाई माझ्याकडे वळतात. "ते ओळखपत्र देतं कोण? पैसे पडतात?"

"निवडणूक आयोग देतो. फुकट. नाव यादीत आहे का, हे बघायला सरकारी माणूस घरी येतो."

"घरी येतो! आणि मतदान रविवारी असतं?"

"वार कुठलाही असो, त्या दिवशी पगारी सुट्टी मिळते."

"ऐका काका," असं बाई इंग्रजीत म्हणत नाहीत अर्थात, पण त्यांची मान तेच म्हणते. क्षणभर दोघंही जिंकल्यासारखे माझ्याकडे पाहतात. मग काका हिशेब घालतात: "कार्ड सक्तीचं, पण सरकारनं घरपोच द्यायचं. घ्या, मला चालेल." बाई म्हणतात, "आधी घरपोच द्या, मग सक्तीचं बघू." आधी काय आणि नंतर काय, यावर वीस मिनिटं जातात. मी तीन पाय विकते. बोटाला शाई लावतात हे सांगितल्यावर मात्र दोघंही बोट पुढे करून बघतात, कुठे लावतात, किती दिवस राहते.

फेटरमनचाही विषय निघतो. ते इथले डेमोक्रॅटिक सेनेटर, पण सरकार उघडण्यासाठी रिपब्लिकनांबरोबर मत देताहेत. बाईंचा चेहरा आंबट होतो. "तुमच्यात तो एकच शहाणा उरलाय," काका म्हणतात. "मग घेऊन जा." "नको, तिथेच उपयोगाचा आहे."

साडेचारला मी टेबल बाईंच्या भाचीकडे सोपवते आणि मत द्यायला उठते. रेघ ओलांडणार, तेवढ्यात मागून दोन आवाज एकदम येतात.

"कागद वाच!"

मी वळते. दोघं एकमेकांकडे बघताहेत. काका समजावतात: या काउंटीत मतदान यंत्राच्या पडद्यावर करायचं, मग काचेमागे छापील कागद दिसतो. २०२३मध्ये असाच न्यायाधीशांना ठेवायचं का हा प्रश्न होता, दोन न्यायाधीशांचा. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हटलं की कागदावर उत्तरं उलटी उमटत होती. "यंत्राच्या आतली नोंद बरोबर होती म्हणतात," बाई पुढे सांगतात, "पण २०१९मध्येही घोळ झालाच होता. तू वाच. घाई करू नकोस. मागे रांग असली तरी."

आत बंबाची गाडी बाहेर काढून जागा केलीय. भिंतीवर अंगरखे आणि शिरस्त्राणं टांगलेली, रबराचा आणि डिझेलचा वास. इथे कुणी काही बोलत नाही. सकाळपासून कानांत वाजणारं हो-नाही दारातच थांबलंय. मी पडद्याला बोट लावते. काचेमागे कागद सरकतो. मी एकेक ओळ वाचते, तीन नावं, तीन उत्तरं, चौथीतल्या मुलीसारखी ओठ हलवत. मग पुन्हा एकदा वाचते. मत कुणाला दिलं ते रेघेच्या आत राहील.

बाहेर येते तर अंधार पडलाय. रविवारीच घड्याळं एक तास मागे केलीत. पाचला दिवस संपतो. काकांनी गाडीतून घोंगडी आणलीय. एकच आहे, ती बाईंच्या गुडघ्यांवर आहे. पोलादावरच्या पन्नास टक्के आयातकरावरून जुंपलीय. काका म्हणताहेत, हा कर तीस वर्षांपूर्वी असता तर भट्ट्या विझल्या नसत्या. बाई म्हणताहेत, पोलाद महागलं म्हणून इथल्याच कारखान्यातल्या पोरांच्या नोकऱ्या जातात, त्यांचं काय. घोंगडीचं टोक खाली लोळतंय. काका बोलता बोलता ते वर टाकतात आणि आपला मुद्दा पुढे चालू ठेवतात.

आठ वाजता दार बंद होतं. मी सूपाचं पातेलं घासत असताना आतून केंद्रप्रमुख येतात आणि दोन यंत्रांच्या निकालाच्या लांब पट्ट्या दाराच्या काचेवर चिकटवतात. मतदान संपलंय. आता रेघेला अर्थ नाही. तशीही दिवसभरात पायांखाली ती पुसट झालीय. काका आणि बाई दारापाशी जातात. दोघांनाही आपापल्या पक्षाला आकडे कळवायचेत.

काकांच्या हातात टॉर्च आहे. बाईंचा चष्मा गाडीत राहिलाय. त्या काकांचा चष्मा मागून घेतात, आकडे मोठ्यानं वाचतात, सावकाश, शुद्धलेखन घातल्यासारखे. काका टॉर्च बगलेत धरून दोघांच्याही कागदांवर लिहितात. पहिलं यंत्र. दुसरं यंत्र. मग काका खाली बेरीज मांडतात. हो किती, नाही किती. उत्तर बघून त्यांची मान थोडी ताठ होते.

बाई कागदावर वाकतात.

"हातचा विसरलात," त्या म्हणतात.

काका पेन्सिल जिभेला लावतात. पुन्हा करतात, उजवीकडून डावीकडे, एकेक आकड्यावर टोक टेकवत. मग आधीचं उत्तर खोडतात आणि नवं लिहितात. दोन्ही कागदांवर.