मुळा-मुठेच्या माशांचे कर्नल साइक्स

निळ्या परांच्या महसीर माशावर जगात कुठेही शास्त्रीय लेखन झालं, तरी त्याच्या मुळाशी आपलं पुणं असतं. या माशाचं पहिलं वर्णन करणाऱ्याने ठिकाण नोंदवलं ते मुळा-मुठेचं, पुण्याच्या पूर्वेला सुमारे ११ मैलांवरचं. अंदाजाने मांजरी-लोणी काळभोरचा टापू. तो लिहिणारा होता विल्यम हेन्री साइक्स. भटकंती आणि प्राणिसृष्टी या दोन्हींचं त्याला विलक्षण वेड. त्याची आठवण पुण्याने ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

साइक्सचा जन्म १७९० चा. कोवळ्या वयातच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. मराठी आणि हिंदुस्थानी शिकून दुभाष्याची परीक्षा उतरला. १८१७ च्या खडकीच्या लढाईत तो पेशव्यांच्या विरुद्ध बाजूला होता, हे विसरून चालणार नाही. त्यानंतर चार वर्षं युरोपभर हिंडला. १८२४ मध्ये मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्याला मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी नेमलं आणि त्याला मनाजोगं काम मिळालं. दख्खन पालथं घालायचं, जमिनीची वहिवाट, पिकं, पाऊसपाणी, जनावरं-पाखरं, जे दिसेल ते टिपायचं. १८२९ च्या अखेरीस हे पद मोडीत निघालं. दुसरा कोणी गाशा गुंडाळून मोकळा झाला असता. साइक्सने मागे राहून काम तडीला नेलं आणि १८३१ मध्ये तो मायदेशी परतला. पुढे कंपनीचा अध्यक्ष, पार्लमेंटचा सभासद असे मान त्याला मिळाले. १८७२ मध्ये तो वारला.

माशांवरचा त्याचा निबंध १८३९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या इतिवृत्तात छापून आला. त्यात भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांतले मासे आहेत, आणि नावं मोठ्या प्रमाणात इथल्या मासेमारांच्या तोंडची. शिंगाळा, मळ्या, कोळशी, खुडरी यांची नावं लॅटिन नावांच्या जोडीने तिथे भेटतात. ज्यांनी डोहात पाग टाकून हे मासे काढले, कुठला कुठे सापडतो हे दाखवलं, त्या भोई-कोळ्यांपैकी कोणाचं नाव मात्र शास्त्राने ठेवलं नाही. साइक्सचं मोठेपण मान्य करूनही ही खंत उरतेच. त्याला मराठी येत होतं म्हणून ही नावं कागदावर उतरली. ती मुळात सांगितली मासेमारांनी.

खुडरी म्हणजेच निळ्या परांचा महसीर. अंगावर मोठमोठे खवले, जाड ओठ, मिशांच्या दोन जोड्या. दात जबड्यात नाहीत, घशात आहेत. त्याला वाहतं, स्वच्छ पाणी लागतं. धरणं झाली, सांडपाणी आलं आणि त्याचं बस्तान उठलं. देहूला इंद्रायणीत, महाडजवळ वाळणकोंडीला देवाचे मासे म्हणून त्यांना हात न लावण्याची रीत होती, तिने काही डोह राखले. पण माशाला खरा हात दिला तो लोणावळ्याने. तिथे वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास मत्स्यबीज केंद्र उभारलं. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी कृत्रिम प्रजननाची वाट घालून दिली. पावसाळ्यात तयार मादी धरायची, पोटावरून हलका हात फिरवत अंडी काढायची, त्यात नराचं रेत मिसळायचं आणि पिल्लं वाढवायची. ही पिल्लं अनेक राज्यांत गेली. निसर्गरक्षणाचं काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या यादीत एकेकाळी संकटग्रस्त ठरलेला हा मासा आता तितकासा चिंतेचा राहिलेला नाही.

या यशाला दुसरी बाजूही आहे. कावेरीत सोडलेला खुडरी तिथे चांगलाच फोफावला आणि तिथल्या मूळच्या कुबडधारी महसीरची संख्या झपाट्याने घसरली. २०१८ मध्ये संशोधकांनी त्या कावेरीच्या माशाची ओळख पक्की केली, तेव्हा तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर होता. एका नदीचा मासा दुसरीत नेताना किती जपायला हवं, ते यावरून कळतं.

आणि घरची नदी? साइक्सनंतर फ्रेझर या अभ्यासकाने १९४२ मध्ये पुण्याचे मासे नोंदवले, वाघ आणि घाटे या संशोधकांनी २००३ मध्ये मुळा-मुठेची यादी पुन्हा केली. नव्या यादीला जुनीशी ताडून पाहता येतं, कारण साइक्सने आधीच खुंटी ठोकून ठेवली होती. मुंढवा-मांजरीकडे शहराचं सांडपाणी पोटात घेऊन नदी वाहते. खुडरीसारख्या माशाने तिथे राहावं, असं तिथे काही उरलेलं नाही.