पान उन्हाकडे धरून

माघ सरत आला की मालेगाव तालुक्यातल्या डाळिंबाच्या बागांत सकाळी एक दृश्य हमखास दिसतं. ओळीतून चालता चालता बागायतदार थांबतो, एक कोवळं पान तोडतो, उन्हाकडे धरतो आणि डोळे बारीक करून निरखतो. पानावर तेलाचा थेंब पडल्यासारखा ठिपका आहे का, त्यातून उजेड आरपार दिसतो का, एवढंच त्याला बघायचं असतं. पान स्वच्छ निघालं की तो पुढच्या झाडाकडे वळतो.

तो ठिपका म्हणजे तेल्या. या एका शब्दाने कसमादे पट्ट्यातल्या, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा तालुक्यांतल्या, हजारो घरांची झोप उडवली होती.

बाहेरच्या माणसाला मालेगाव ठाऊक असतं ते यंत्रमागांच्या खडखडाटामुळे. पण नारोशंकर राजेबहाद्दर यांनी 1740 मध्ये मोसम नदीच्या काठी किल्ला बांधायला घेतला, त्याआधी इथल्या छोट्या वस्तीला माळीवाडी म्हणत, असं सांगतात. माळ्यांची, बागांची वाडी. आजही शहर ओलांडलं की मुरमाड, हलक्या जमिनी सुरू होतात. पाऊस बेताचा, विहिरी उन्हाळ्यात तळ गाठणाऱ्या. अशा वावरात ठिबकच्या नळीवर तग धरणारं आणि चार पैसे देणारं झाड म्हणून डाळिंब रुजलं. आधी गणेश हा वाण होता. पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळ संशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी 1936 साली आळंदीच्या डाळिंबाच्या रोपांतून तो निवडला होता. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा केशरी-लाल सालीचा भगवा आला आणि गणेश मागे पडला. डाळिंबाच्या पैशावर घरं बांधली गेली, मुलं शिकायला नाशिक-पुण्याला गेली.

मग तेल्या पसरला. हा झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होणारा रोग. भारतात त्याची पहिली नोंद 1952 साली दिल्लीत झाली, पण त्याने खरा कहर केला तो 2000 नंतरच्या दशकात, आधी कर्नाटकात आणि पाठोपाठ महाराष्ट्रात. पानावरचा ठिपका फळावर येतो, काळपट होतो, आणि तयार होत आलेलं फळ इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखं तडकतं. आतले दाणे लालबुंद असले तरी असं फळ व्यापारी हातात घेत नाही. शिवाय जिवाणू पावसाच्या थेंबांबरोबर उडतो, छाटणीच्या कात्रीवरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, गळलेल्या पानांत आणि फांदीवरच्या जखमांत कित्येक महिने टिकून राहतो. त्यात मर रोग आणि खोडकिडीची भर पडली. ज्या बागा पोटच्या पोरासारख्या वाढवल्या, त्यांच्यावर लोकांनी स्वतः कुऱ्हाड चालवली. कुणी कांद्याकडे वळलं, कुणी मक्याकडे, कुणी शेवग्याकडे. त्यांना कच्चं समजण्याचा अधिकार कुणालाच नाही. कर्जाचा हप्ता झाडाच्या सोयीने थांबत नसतो.

ज्यांनी बाग पुन्हा धरली, त्यांना मात्र आधार मिळाला तो उन्हाचा.

डाळिंबाला वर्षात तीन बहार येऊ शकतात. मृगाच्या पावसावर फुलतो तो मृग बहार, हस्त नक्षत्राच्या सुमाराला धरतात तो हस्त बहार, आणि आंब्याला मोहोर येतो त्या दिवसांत फुलतो तो आंबे बहार. मृग बहारात पाणी फुकट मिळतं, पण ढगाळ, दमट हवा म्हणजे तेल्याला मोकळं रानच. आंबे बहारात पाणी विकत घेण्याची पाळी येते, पण फूल आणि कोवळं फळ कोरड्या उन्हात वाढतं. पानावर ओल टिकत नाही, जिवाणूचा जोर ओसरतो. सोलापूरला 2005 मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं. त्याच्या सल्ल्यातही बहार निवडताना पावसाळी हवा टाळणं, तोडणीनंतर झाडाला तीन-चार महिने विश्रांती देणं आणि बागेची स्वच्छता या गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. रोगट फांद्या छाटून जाळायच्या, खाली पडलेलं पान न् पान वेचायचं, कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करायची, बोर्डो मिश्रण फवारायचं. यात चमत्कार कुठलाच नाही, नुसती न कंटाळता करायची मेहनत आहे.

आंबे बहाराची तयारी मार्गशीर्षाच्या आसपास सुरू होते. बाग ताणावर सोडतात, म्हणजे पाणी पूर्ण तोडतात. हलक्या जमिनीत महिनाभरात पानं पिवळी पडू लागतात. वाढ थांबते आणि पानांनी तयार केलेलं अन्न फांद्यांत साठत जातं. मग इथरेल फवारून उरलेली पानं गाळतात, हलकी छाटणी करतात, बुंध्याभोवती शेणखत घालतात. या काळात बागेत जाऊन उभं राहिलं तर नवख्या माणसाला वाटावं, सगळं वाळून गेलं. नुसते काटे आणि करड्या फांद्या. त्यानंतर पहिलं पाणी सोडतात, तेही बेतानेच.

आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात. तांबूस, चकचकीत पालवी फुटते आणि पुढे तिच्यात शेंदरी कळ्या दिसू लागतात. सगळ्याच कळ्या कामाच्या नसतात. घंटेसारखी, बुडाशी निमुळती असते ती नर कळी, ती गळून जाते. घड्यासारखी, बुडाशी फुगीर असते ती फळ धरणारी, शेतकरी तिला मादी कळी म्हणतात. माघ-फाल्गुनात बागेत पाऊल टाकणाऱ्याची नजर पहिली त्या फुगीर बुडाकडे जाते. बाग फुलावर असताना जाणते लोक कीटकनाशकाला हात लावत नाहीत, कारण मधमाश्या आल्या तरच सेटिंग, म्हणजे फळधारणा, चांगलं होतं.

बागेत हात मातीत घातल्याने मनाला उभारी येते, हे अनुभवाने सगळ्यांना माहीत आहे. नेदरलँड्समध्ये 2011 साली त्याची मोजणीही झाली. मनावर ताण येईल असं काम करून घेतल्यावर काहींना अर्धा तास बागेत राबायला लावलं, काहींना घरात वाचत बसवलं. ताणाशी निगडित कॉर्टिसॉल हे संप्रेरक दोन्ही गटांत उतरलं, पण बागेतल्यांचं अधिक. मात्र हौसेची फुलझाडं वेगळी आणि ज्या झाडांवर घरातल्या मुलीचं शिक्षण उभं आहे ती वेगळी. मालेगावच्या बागेत उभारी आणि धास्ती एकाच ओळीतून चालतात.

धास्ती खोटीही नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक जिल्ह्यासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागात गारपीट झाली, ती नेमकी आंबे बहाराच्या ऐन दिवसांत. गार नुसती फुलं झोडपत नाही. ती सालीला जखमा करते आणि प्रत्येक जखम म्हणजे तेल्याला उघडं दार. अशा वेळी रडायलाही सवड नसते. आभाळ उघडलं की लगेच पंप पाठीवर घेऊन फवारणीला लागावं लागतं.

आणि ऊन तरी सदा मित्र कुठे राहतं? चैत्र लागला की तेच ऊन फळाची साल भाजतं, एका बाजूला तपकिरी चट्टा पडतो आणि भाव कोसळतो. म्हणून झाडांवर आच्छादन घालतात. ज्यांना तयार कापड परवडत नाही ते जुन्या साड्या आणतात. दोघी जणी साडीची दोन टोकं धरतात, झटकून झाडावर सोडतात, काट्यांत अडकलेला काठ हलक्या हाताने सोडवतात आणि सुतळीने खाली बांधतात. लिंबाएवढी झालेली फळं त्या सावलीत जातात. शेवटची गाठ मारण्याआधी एकजण साडीखाली हात घालते, एक पान खुडते आणि उन्हाकडे धरून बघते.