वतन आणि विसार

मराठी बायबलमध्ये देवाने कबूल केलेल्या वारशाला ‘वतन’ म्हटले आहे. आम्हा बीडकडच्या माणसांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पाटीलकी, देशमुखी बापाकडून मुलाकडे यायची. मजुरी म्हणून नव्हे, त्या घरचा म्हणून. (महारकीही वतनच, पण त्यात जमीन चिमूटभर आणि राबणूक डोंगराएवढी.) ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, देवाने लेकरू म्हणून स्वीकारले, म्हणून वतन. पेत्राचे पहिले पत्र हे वतन न नासणारे मानते, आणि ते लिहिले आहे आजच्या तुर्कस्तानात पांगलेल्या, उपऱ्या ठरलेल्या लोकांना.

मला अधिक मोलाचा वाटतो तो पौलाचा शब्द. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पवित्र आत्मा हा या वतनाचा ‘विसार’ आहे. मूळ ग्रीक शब्द ‘अर्राबोन’, तोही व्यवहारातलाच.

आपल्याकडे विसाराइतकीच ओळखीची आहे ती उचल. ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतली की घेणारा बांधला जातो. हंगामात फिटली नाही, तर पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते. विसाराचे उलटे. जमिनीचा विसार दिला की देणाराही शब्दात अडकतो. इथे देणारा देव आहे. कित्येक भाविक मात्र त्याला उचल समजून आयुष्यभर फेडीच्या धास्तीत राहतात.

शिवाय विसार नुसती खूण नसते, ती ठरल्या रकमेतलीच असते. त्यामुळे आज लाभणारी शांती, आनंद हा ख्रिस्ती माणसाच्या लेखी वतनातलाच पहिला हिस्सा. बाकीचे यायचे आहे.